सुट्टीत घरी न जाणारी मुलगी

नोरीन हेलॉक चिडली की तिचा आवाज चढत नसे, खाली जात असे. सेंट ऑसिथ कॉलेजात खोल्या झाडणाऱ्या, चादरी बदलणाऱ्या बाकीच्या बायकांना हे चांगलं ठाऊक होतं. नोरीन आरडाओरडा करतेय तोवर काळजी नाही. पुटपुटायला लागली की आपली बादली उचलून दुसऱ्या जिन्याकडे सटकायचं. एकवीस वर्षांच्या नोकरीत ती तशी पुटपुटली असेल चार-पाच वेळा. यंदाच्या उन्हाळ्यात मात्र दहा दिवसांत तीनदा.

जूनमधला शेवटचा शनिवार होता. परीक्षा आटोपल्या होत्या, मुलं आपापल्या घरी गेली होती आणि दुपारी दोन वाजता उन्हाळी वर्गाची पोरं बसमधून उतरणार होती. आठवडाभर केंब्रिजमध्ये राहून केंब्रिजला शिकल्यासारखं वाटावं म्हणून त्यांच्या आईबापांनी त्यांना पाठवलेलं असतं. त्याआधी उरलेल्या साठ खोल्या चकचकीत करायच्या होत्या. नोरीनने 'आर' अक्षराच्या जिन्यावरची चार नंबरची खोली किल्लीने उघडली, तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. खोली दहाला रिकामी हवी होती. आत कीली ब्रॉटन पलंगावर बसलेली. पायाशी तीन निळ्या पिशव्या, वर सायकलचं हेल्मेट.

"अगं बाई, तू अजून इथेच?"

"निघतेच आहे."

"निघतेच काय निघतेच! दोनला बस येतेय. मला अजून तुझं बाथरूम घासायचंय."

"म्हटलं ना निघते!"

कीली एवढ्या तोऱ्यात कधी बोलत नसे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, ग्रिम्सबीची, सडपातळ, खांदे मात्र वल्ही मारून रुंद झालेले. नाताळच्या सुट्टीत सगळा आर जिना अंधारात असताना हिच्या एकटीच्या खिडकीत दिवा असायचा. ईस्टरलाही तसंच. नोरीनने तेव्हा विचारलं होतं, तर "अभ्यास आहे" म्हणाली होती.

"कुठे चाललीस? घरी?"

"मैत्रिणीकडे. लंडनला."

"बरं. मग नीघ बाई, मजा कर."

पोरगी पिशव्या घेऊन गेली. नोरीनने केराची टोपली उपडी केली, तर त्यातून कॉलेजचं नवं पत्रक पडलं. 'उन्हाळ्यात इथे राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी उपयोगी सूचना.' पर्यटकांच्या आधी सकाळी लवकर नावेतून फिरून या. उन्हाला लावायचं मलम विसरू नका. निदान दोन आठवडे तरी घरच्यांच्या सहवासात घालवा, तो तुमचा हक्क आहे. या शेवटच्या ओळीवर पेनाने इतक्या जोरात रेघोट्या मारल्या होत्या की कागद फाटला होता.

नोरीनने तो काळ्या पिशवीत कोंबला आणि पांढरी चादर झटकली. तेव्हाच कळायला हवं होतं, असं नंतर ती स्वतःला कितीदा बोलली.

बुधवारी तिची बहीण पॉलिन चहाला आली. नदीकाठच्या उघड्या तरणतलावावर ती तिकिटं फाडते.

"तुझ्या कॉलेजातली एक पोरगी रोज येते गं दार उघडल्या उघडल्या," पॉलिन म्हणाली. "पाण्यात पायसुद्धा घालत नाही. नुसती आंघोळ करते, दात घासते नि जाते. कॉलेजचं जाकीट असतं अंगावर, वल्ही काढलेलं."

नोरीनने कप खाली ठेवला. "खांदे रुंद आहेत का?"

"आहेत. का?"

गुरुवारी सकाळी कामावर जाण्याआधी नोरीन तलावाच्या भिंतीला सायकल टेकवून उभी राहिली. साडेसातच्या सुमारास कीली बाहेर आली. केस ओले, डोळ्यांखाली काळं.

"लंडन फार जवळ आलं की गं," नोरीन म्हणाली.

कीली थबकली. मग तिने मान ताठ केली. "तुम्ही माझ्या मागावर आहात का?"

"बस इथे. बस म्हणते ना! कुठे झोपतेस?"

बाकड्यावर बसायला ती तयार नव्हती. उभ्या उभ्याच, शब्द थुंकावेत तशी बोलली. कॉलेजच्या बोटहाऊसमध्ये, कपडे बदलायच्या खोलीत, बाकड्यावर. दाराच्या कुलपाचा आकडा तिला नाव वल्हवणाऱ्या संघात असल्यामुळे ठाऊक होता. सुट्टीत राहायला खोली मिळावी म्हणून तिने मे महिन्यातच अर्ज केला होता. तो परत आला. कारण घरी का जाता येत नाही याचं आई-वडिलांच्या किंवा पालकांच्या सहीचं पत्र जोडलेलं नव्हतं.

"मग जोडायचं की पत्र," नोरीन म्हणाली.

"सात घरांत वाढलेय मी, नोरीन. सरकारने लावून दिलेल्या परक्या माणसांच्या घरांत. शेवटच्या घरातली शीला बरी होती, पण मी अठराची झाले आणि माझ्या खोलीत दुसरी दोन लहान पोरं आली. ती कशी सही करणार? ती माझी कुणीच लागत नाही आता. कौन्सिलची एक बाई होती मला बघणारी, नाताळ-ईस्टरची पत्रं तिनेच दिली होती. ती मार्चमध्ये नोकरी सोडून गेली, नवी अजून नेमलेली नाही. मेल पाठवला की उत्तर येतं, ही व्यक्ती आता इथे काम करत नाही."

"आणि हे तू अर्जात लिहिलं नाहीस?"

"लिहिलं! 'घर नाही' असं लिहिलं. त्यांनी त्याच्याखाली लाल रेघ ओढली नि लिहिलं, 'कृपया खुलासा करावा.'"

नोरीनने सायकल भिंतीपासून ओढली. "चल. आत्ताच्या आत्ता माझ्या घरी. आर्बरीला मागची खोली रिकामी आहे, फक्त इस्त्रीचं टेबल हलवायचंय."

"नाही."

"नाही काय नाही?"

"मला परत कुणाच्या घरी पाहुणी म्हणून राहायचं नाही. फ्रिज उघडू का, आंघोळीला किती वेळ लावू, कुठला कप घेऊ. नाही जमणार मला. मला कॉलेजने घेतलंय, कुणाच्या दयेने नाही आले मी. मला माझी खोली पाहिजे. आणि हे कुणाला सांगायचं नाही. कुणालाही नाही. शपथ घ्या."

नोरीनने मान डोलावली. दुसरं काय करणार? मग ती पुटपुटायला लागली. "तर मग ऐक नीट. संध्याकाळी किमती उतरवलेला पाव नि दूध स्टेशनकडच्या मोठ्या दुकानातून घे, गावाच्या मधल्या दुकानातलं पर्यटक आधीच उचलतात. बाजारात कोपऱ्यावरचा फळवाला चारनंतर मऊ पडलेली फळं देऊन टाकतो, त्याला माझं नाव सांग. मिल रोडवरच्या चर्चच्या हॉलमध्ये बुधवारी जेवण असतं, कुणी काही विचारत नाही, देवाचंसुद्धा नाव काढत नाहीत. दिवसा लायब्ररीत बस, वरच्या मजल्यावर खिडकीपाशी फोन चार्जिंगला लावायची सोय आहे. नदीचं पाणी तोंडात जाऊ देऊ नकोस. सायकलला दोन कुलपं लाव, उन्हाळ्यात चोरांचा हंगाम असतो. आणि नेटवर स्वस्त खोलीचे फोटो दाखवून आधी पैसे पाठवा म्हणणारा कितीही गोड बोलला तरी त्याच्या नादी लागू नकोस. मागच्या वर्षी एफ जिन्यावरच्या दोन पोरी बुडाल्या त्यात. खोलीत स्वतः उभी राहिल्याशिवाय छदामसुद्धा द्यायचा नाही. खोकला झाला तर डॉक्टरकडे जायचं, तुझं नाव तिथे सुट्टीतही असतंच, लाजायचं नाही."

कीली ऐकत होती. बोलता बोलता नोरीनला स्वतःचीच शिसारी आली. चारशे खोल्यांचं कॉलेज. हिरवळीवर पाय ठेवला तर पहारेकरी धावून येतात असं कॉलेज. आणि आपण इथे भिंतीपाशी उभ्या राहून त्याच कॉलेजच्या पोरीला बेघर होऊन कसं जगायचं ते शिकवतोय.

कामावर पोचली ती थेट निवास-व्यवस्थापक मिसेस ऑर्पवुड यांच्या दारात.

फिलिपा ऑर्पवुड वाईट बाई नव्हती. कुणाचा वाढदिवस असला की केक आणायची, खोल्या झाडणाऱ्या बायकांच्या मुलांची नावं तिला पाठ होती. म्हणूनच बहुधा नोरीनला वाटलं, हिला सांगितलं की झालं.

"आर-चारच्या ब्रॉटनला खोली का नाकारली?"

"नोरीन, एकेका विद्यार्थ्याबद्दल मी तुमच्याशी बोलू शकत नाही."

"नका बोलू. मी बोलते. तिला आईवडील नाहीत."

मिसेस ऑर्पवुडने चष्मा काढला. "असं असेल तर वाईट आहे. पण मग तसं पत्र हवं."

"कुणाचं? नसलेल्या आईवडिलांचं?"

"नियम सगळ्यांना सारखे आहेत. एकीला सूट दिली की उद्या तीस जण येतील. आणि खोल्या कुठे आहेत? सगळ्या उन्हाळी वर्गाला दिल्यात. त्यावरच तर वर्षभराचा खर्च निघतो. राहणाऱ्यांना अडचण होऊ नये म्हणून यंदा मी मुद्दाम सूचनांचं पत्रक काढलं. रात्ररात्र जागून लिहिलंय, माहितेय?"

"हो का? मग त्यात एक सूचना राहिली," नोरीन म्हणाली. तिचा आवाज इतका खाली गेला होता की मिसेस ऑर्पवुडला पुढे वाकावं लागलं. "बोटहाऊसच्या बाकड्यावर पाठ न अवघडता कसं झोपायचं तेही छापा."

तोंडातून गेलं ते गेलंच.

मिसेस ऑर्पवुडने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "बोटहाऊसमध्ये? आमच्या?"

नोरीनने सारवासारव करायचा प्रयत्न केला. आपण तसं म्हणालो नाही, बोलायची पद्धत असते एकेक. तोवर समोरच्या बाईने फोन उचलला होता. विम्याचा प्रश्न आहे, ती म्हणाली. आगीचा प्रश्न आहे. तिचा नाइलाज आहे.

शुक्रवारी दुपारी नोरीन मागच्या चौकात पायपुसणी झटकत होती. कीली आली ती चालत नव्हे, धावतच.

"कुलपाचा आकडा बदलला! माझ्या पिशव्या फाटकावर आणून टाकल्या, सगळ्यांच्या समोर! शिस्तभंगाचं पत्र आलंय मला. कॉलेजच्या इमारतीत बेकायदा प्रवेश. तूच सांगितलंस! शपथ घेतली होतीस ना? तूच!"

दोन वर्षं तुम्ही-तुम्ही म्हणणारी पोरगी तूवर आली होती, आणि नोरीनला ते अगदी रास्त वाटलं.

"माझं चुकलं. मी तुझ्यासाठीच भांडायला..."

"माझ्यासाठी! प्रत्येक घरात एक बाई असायची, नोरीन. माझ्या भल्यासाठी कुणाकडे तरी जाऊन काहीतरी सांगणारी. आणि दर वेळी पिशव्या माझ्याच भरल्या जायच्या. त्यांच्या नाही. माझ्या!"

"चुकलं म्हणते ना गं."

"मग काय करू तुझ्या चुकलंचं? अंथरून झोपू त्याच्यावर?"

चौकात पाच-सहा बायका बादल्या धरून उभ्या होत्या. नोरीनने तिला पुन्हा घरी बोलवायचा धीर केला नाही. कीली नोरीनने झटकलेल्या पायपुसण्यांवरूनच तरातरा निघून गेली. ती रात्र तिने मोठ्या हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण कक्षातल्या खुर्चीत काढली, आजारी नातेवाइकाची वाट बघत असल्यासारखी. हे नोरीनला नंतर कळलं.

शनिवारी सकाळी उन्हाळी वर्गाची पहिली तुकडी गेली आणि दुसरी दोनला यायची होती. नोरीनने आर जिन्यावरच्या तीन खोल्या नेहमीसारख्या केल्या. चार नंबरला आली, जुनी चादर काढली, गुंडाळून टोपलीत टाकली आणि थांबली. मग जिना उतरून फाटकाशी गेली. कीली तिथे आपल्या पिशव्या न्यायला आली होती.

"वर चल."

"तुझ्याबरोबर मी कुठेही येणार नाही."

"नको येऊस माझ्याबरोबर. तुझ्या खोलीत चल. तुला खोली पाहिजे होती ना? मग ये नि बस त्यात. मला शिव्या तिथे बसून दे."

 कीलीने एक पिशवी उचलली. दोन नोरीनने घेतल्या.

साडेबाराला मिसेस ऑर्पवुड जिना चढून आली. मागे निळा टी-शर्ट घातलेला उन्हाळी वर्गाचा व्यवस्थापक, हातात यादी. खोलीत गादी उघडी, कीली त्यावर मांडी घालून बसलेली, आणि दाराशी खुर्ची टाकून नोरीन.

"नोरीन, हे काय चाललंय?"

"ही खोली रिकामी नाही."

"उठा. कृपा करून उठा. असं करून तुम्ही तिचंच नुकसान करताय."

"ते मी गुरुवारीच केलं," नोरीन पुटपुटली. "आणखी करण्यासारखं उरलेलं नाही. हिला एक खोली द्या. कॉलेजची, कुलूप असलेली. मग उठते."

"माझ्याकडे खोली नाही, किती वेळा सांगू?" मिसेस ऑर्पवुडच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. जिन्यावरून नोरीनबरोबर खोल्या झाडणारी दानूता वर येत होती, हातात इस्त्रीच्या चादरींची चळत. "दानूता, बरं झालं आलात. या खोलीत चादर घाला."

दानूताला दोन मुलं होती आणि नोकरी कायम होऊन वर्षही झालं नव्हतं. नोरीनने डोळ्यांनीच तिला सांगितलं, घाल बाई, तू यात पडू नकोस. दानूता आत गेली. चळतीतली वरची चादर काढली आणि कीलीच्या मांडीवर ठेवली.

"घे. कोपरे नीट खोच. ही गादी सरकते."

मग तिने उरलेल्या चादरी नोरीनच्या खुर्चीशेजारी जमिनीवर ठेवल्या आणि हाताची घडी घालून उभी राहिली. खालच्या पायऱ्यांवर बादली टेकल्याचा आवाज आला. मग दुसरीचा. के जिन्यावरच्या बायका आल्या होत्या, एल जिन्यावरच्याही. कुणी घोषणा दिल्या नाहीत. एकीने चॉकलेट काढून वाटलं.

निळ्या टी-शर्टवाला घड्याळ बघून म्हणाला, "मॅडम, बावीस खोल्या अजून व्हायच्यात. पोरं बसमध्ये आहेत."

"मला दिसतंय!" मिसेस ऑर्पवुड ओरडली. एवढ्या वर्षांत ती ओरडलेली कुणी ऐकली नव्हती. ती खाली गेली आणि अर्ध्या तासाने एकटीच परत आली. हातात किल्ली होती. चेस्टरटनच्या बाजूला कॉलेजचं एक घर आहे, तिथली.

"रंगकामासाठी राखून ठेवलेल्या आहेत त्या खोल्या," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "रंगारी ऑक्टोबरच्या आधी येणार नाहीत."

"खोल्या?" कीलीने विचारलं. "किती?"

मिसेस ऑर्पवुड किल्ली नोरीनच्या हातात ठेवून जिना उतरली. किती ते त्यांना संध्याकाळी पिशव्या घेऊन तिथे गेल्यावर कळलं. सहा. सहा खोल्या, सहा पलंग, सहा गाद्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या. सुट्टीच्या पहिल्या दिवसापासून रिकाम्या. कीली एकेक दार उघडत गेली आणि सहाव्या दाराशी पोचेपर्यंत तिचा श्वास फुलला होता. तिने ते दार इतक्या जोरात आपटलं की वरची काच तडकली.

"आपट," नोरीन म्हणाली. "अजून पाच आहेत."

कीली हसली नाही. "तुला मी माफ केलेलं नाही," ती म्हणाली.

"मी माफी मागितलेली नाही. ती पिशवी इकडे दे."

नोरीनला लेखी ताकीद मिळाली. त्या कागदावर 'झाल्या प्रकाराबद्दल मला खेद आहे' असं छापलेलं होतं. तिने ती ओळ आडवी खोडली आणि खाली सही केली. त्यामुळे दुसरी ताकीद मिळाली. दानूताला कुणी काही बोललं नाही, कारण तिने चादर घातली नाही असं कुणालाच सिद्ध करता येईना.

कीलीचं शिस्तभंगाचं पत्र मात्र तसंच राहिलं. खोली दिली हे वेगळं, कुलूप उघडलं हे वेगळं, असं कॉलेजचं म्हणणं. ऑगस्टच्या एका रविवारी कीली आर्बरीला नोरीनकडे जेवायला आली. राहायला नव्हे, जेवायला, असं तिने फोनवर दोनदा बजावलं होतं. कोंबडी आणि भाजलेले बटाटे झाल्यावर तिने त्या पत्राविरुद्धचा अर्ज टेबलावर ठेवला. नोरीनने चष्मा लावून वाचला.

"हे काय लिहिलंस? 'झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे'? कुणाची गैरसोय झाली?"

"असंच लिहितात अशा अर्जात."

"लिहितात ना, म्हणूनच. 'घर नाही' हे तू मे महिन्यात एका ओळीत बरोबर लिहिलं होतंस. तेच पहिल्या ओळीत घाल. मग सहा खोल्या घाल. मग बाकीचं."

कीलीने कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पुन्हा लिहायला बसली. मध्येच डोकं वर करून म्हणाली, "बटाट्यात मीठ कमी होतं."

"मग पुढच्या वेळी तू कर."

नोव्हेंबरात उत्तर आलं. दोन ओळींचं. पत्र रद्द करण्यात येत आहे, नोंद काढून टाकण्यात आली आहे. त्याच सुमारास सुट्टीच्या अर्जातली पालकांच्या सहीची अटही गेली. मिसेस ऑर्पवुडने हा बदल कर्मचाऱ्यांच्या बैठकीत आपली सुधारणा म्हणून वाचून दाखवला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नोरीनने नाही.

कीलीने ते दोन ओळींचं उत्तर चौकात उभं राहून नोरीनला दाखवलं. नोरीनने पुढून वाचलं, मागून वाचलं, पाकिटात आणखी काही आहे का ते बोट घालून पाहिलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"चुकलं म्हणून नाही?"

"नाही."

दोघी थंडीत तशाच उभ्या राहिल्या, दोघींची नाकं लाल, कपाळावर आठ्या. मग कीलीने कागद घडी घालून खिशात ठेवला आणि सायकलवर टांग टाकली, तिला साडेअकराच्या तासाला उशीर होत होता. नोरीनने बादली उचलली. के जिना अजून व्हायचा होता.